पांढऱ्या पत्र्यावरचे मासे

४ मार्च

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार, पण कागदावरच. दिवसभर नकाशाच्या टेबलावर वाकून कंबर अशी धरली आहे की खरोखर पाया पडले तर मला उचलायला दोन माणसं लागतील.

तुमचं पाकीट काल मिळालं. आत सत्तावीस चिठ्ठ्या, एक वाळलेलं पान आणि कोणाच्या तरी शिलाई मशीनचा स्क्रू निघाला. पान कशासाठी ते कळलं नाही. स्क्रू परत पाठवते आहे, कुणी बाई मशीन उघडं टाकून तुमच्या नावाने खडे फोडत असेल.

आई म्हणते, "घरात फोन असताना पत्रं कसली लिहिता?" मी तिला म्हटलं, फोनवर तुझा भाऊ आणि मी एकदम बोलतो, ऐकत कोणीच नाही, आणि चौथ्या मिनिटाला एक जण फोन आपटतो. पत्रात निदान एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याला तोंड उघडता येत नाही.

आता कामाचं. तुमच्या नदी गटाचा तक्ता मी करून द्यायचं कबूल केलं आहे, तर मला समजलंय ते बरोबर आहे का पाहा. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, तिचा बंधारा मात्र नदीत आडवाच आहे. खालचा मासा अंडी घालायला वर जाऊ पाहतो आणि भिंतीपाशी येऊन अडतो. तुम्ही लोकांनी सहा वर्षं नदीतून टायर, गाद्या, मोडक्या खुर्च्या उपसल्या, काठावर झुडपं लावली, पाणी खात्याचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे बंधाऱ्यात दोन हात रुंद खिडकी पाडायची परवानगी मिळाली, तीसुद्धा दोनच हंगामांची. या हंगामात, म्हणजे दहा मेपर्यंत, तीनशे मासे त्या खिडकीतून वर गेलेले मोजून दाखवले तर खिडकी कायमची राहील. नाहीतर खातं ती काँक्रीटने बुजवणार. आणि गेल्या वर्षी मोजून भरले एक्केचाळीस!

एक्केचाळीसचे तीनशे कसे होणार याचा मी काल जेवताना विचार करत होते आणि ताट तसंच ठेवून दोनदा उठले. मला त्या नदीचं एवढं का लागलंय तेही कळत नाही. लहानपणी तुम्ही तिच्या काठी नेऊन बसवायचात आणि "गप्प बस, मासे पळतात" म्हणायचात, एवढीच माझी तिच्याशी ओळख.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या ओळी हल्ली डोंगर का चढतात? पहिली ओळ डावीकडे सुरू होते ती उजवीकडे दुसऱ्याच मजल्यावर पोचते.

तुमची,
फूटपट्टी

१३ मार्च

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद. कंबरेला शेक.

ते पान आम्ही लावलेल्या पहिल्या झुडपाचं आहे. ते आता माझ्या खांद्यापर्यंत आलंय. स्क्रूबद्दल तुझे उपकार. तीन दिवस मी त्या बाईंना ठणकावून सांगत होतो की तुमच्या मशीनला तो स्क्रू मुळात नव्हताच.

तू सगळं बरोबर लिहिलंस, फक्त मोजतात कसं ते तुला माहीत नाही. नदीचा तळ काळा, मासाही काळा. काठावर बसून दिसणार काय? म्हणून आमच्या गटातल्या मास्तरांनी युक्ती काढली. खिडकीच्या तळाशी एक पत्रा टाकायचा, पांढराशुभ्र. मासा त्यावरून गेला की सावली स्पष्ट दिसते. आमच्या पेंटरबाई दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि गटाचा कारभारही त्याच हाकतात. त्यांनी पत्र्याला तीन हात दिले. आता पाण्याखाली तो असा चमकतो की दाताच्या डॉक्टरने जाहिरातीला लावावा.

मोजणी आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि शनिवारी. त्या दिवशी पाच पाळ्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. सकाळी सात, दहा, एक, चार आणि संध्याकाळी साडेसहा. बसायचं, मोजायचं, चिठ्ठीवर आकडा लिहून डब्यात टाकायचा. यंदा शेवटची पाळी माझी. मीच मागून घेतली. तोवर दुकान बंद होतं, आणि उन्हात त्या पत्र्याकडे बघितलं की डोळ्यांत सुया टोचतात.

मंगळवारी माझ्या पाळीत एकोणीस मासे गेले. सकाळपासूनच्या बाकीच्या चार पाळ्यांत मिळून सहा. दहाच्या पाळीला बसणाऱ्या नर्सबाईंना तर आठवडाभर शून्यच. त्या म्हणतात, मासे मला घाबरतात, इंजेक्शन देईन असं त्यांना वाटतं. मास्तर म्हणतात माझा पायगुण चांगला.

ओळींचं म्हणशील तर टेबलाचा एक पाय आखूड झालाय. खाली पुठ्ठा घालायचा आहे, पण मला हल्ली एका जागी बसवतच नाही. गिऱ्हाईक मशीन चालवून दाखवतं आणि माझं लक्ष घड्याळाच्या ठोक्यांकडे. मोजणीच्या दिवशी पाच वाजल्यापासून मी दुकानाच्या दारात उभा असतो. परवा एका बाईंनी विचारलं, "कोणी यायचंय का?" मी म्हटलं, "हो, बरेच जण यायचेत."

ताईला सांग, मी दोन वेळा जेवतो.

तुझा मामा

२२ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. आज सरळ मुद्द्यावर येते, कारण मला दोन दिवस झोप नीट नाही आणि गोड बोलायला गेले तर पत्र टाकायचंच राहून जाईल.

तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्या मी तक्त्यात मांडल्या. सकाळी सात: दोन, एक, शून्य, दोन. दहा: शून्य, शून्य, शून्य, एक. एक: शून्य, एक, शून्य, शून्य. चार: एक, दोन, शून्य, दोन. आणि साडेसहा, म्हणजे तुम्ही: एकोणीस, बारा, सतरा, एकवीस.

मामा, हा तक्ता आमच्या ऑफिसात कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्याला खुर्चीसुद्धा दिली नसती. मोजणाऱ्याच्या पट्टीतच खोट आहे असं म्हणून परत पाठवला असता. शिवाय तुमच्या पाळीला ऊन उतरलेलं असतं. ज्या वेळी इतरांना कमी दिसायला हवं त्या वेळी तुम्हाला दहापट दिसतं, हे कसं?

खात्याकडे जाणाऱ्या कागदावर 'तक्ता करणार' म्हणून सही माझी आहे. उद्या त्यांनी विचारलं तर मी काय सांगू, माझ्या मामांचा पायगुण चांगला? मला ठाऊक आहे, तुमचा जीव त्या खिडकीत अडकलाय. म्हणूनच विचारते, रागावू नका. तुम्ही मासे मोजता आहात की लिहिता आहात? जगाला खुशाल मामा बनवा, पण भाचीलाच मामा बनवू नका.

एक उपाय सुचवते. आठवडाभर सकाळी सातच्या पाळीला तुम्ही बसा आणि साडेसहाला मास्तरांना बसवा. आकडे आपोआप बोलतील.

सोबत खिडकीच्या जागेचा नकाशा काढून पाठवते आहे. तुम्ही दिलेल्या मापांवरून काढलाय. पेंटरबाईंना दाखवा.

तुमची,
फूटपट्टी

३० मार्च

फूटपट्टीस,

पत्र मिळालं. भिंग लावून वाचलं. शब्दन् शब्द वाचला.

चाळीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त केली. जो भाग बदलला नाही तो बदलला म्हणून कोणाला सांगितलं नाही. आता म्हातारपणी मी मासे चोरणार, तेही नदीत नसलेले!

मी सकाळी बसणार नाही. का, ते विचारू नकोस. मास्तरांनाही साडेसहाला बसवणार नाही, ते सारखे खोकतात.

नकाशा चांगला काढलास. रेघा अगदी बारीक, तुझ्या स्वभावासारख्या. पेंटरबाई कामात आहेत, सवडीने दाखवीन.

माझं बरं चाललंय. सुईत दोरा ओवायचं काम हल्ली मी गिऱ्हाइकाकडेच देतो, तेवढाच त्यांना हात बसतो. काल शनिवारी अठरा गेले. लिही नाहीतर नको लिहू.

मामा

७ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र हातात घेऊन मी इथे खोलीत येरझाऱ्या घालते आहे. आईने दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. खोटं बोलायची आपल्या घरात पद्धतच दिसते.

नकाशा चांगला काढला म्हणता. मामा, नकाशा इथेच माझ्या टेबलावर आहे. काल संध्याकाळी फायलीखाली सापडला. गडबडीत मी पाकिटात त्याच्याखालचा कागद घातला होता. कोरा. त्यावर एकही रेघ नाही.

मग मी तुमची सगळी पत्रं काढून ओळीने मांडली. शेवटच्या पत्रात तिसरी ओळ दुसरीच्या अंगावर चढली आहे आणि 'मास्तर' हा शब्द कागद संपल्यावर टेबलावर गेला असावा, कारण त्याचा 'मा' तेवढा मिळाला. टेबलाचा पाय, उन्हातल्या सुया, दोरा ओवणारी गिऱ्हाइकं! मी स्वतःला मोठी मापं घेणारी समजते आणि नाकासमोरचं दिसलं नाही.

मामा, तुम्हाला दिसत नाही ना?

कधीपासून? डॉक्टरांकडे गेला होतात का? स्वयंपाक कसा करता? आणि रस्ता कसा ओलांडता?

आता दोन गोष्टी ऐका. पेंटरबाईंना आजच्या आज सांगा. त्या भल्या आहेत, पण तुमच्या आकड्यांवर त्यांचा सगळा गट उभा आहे. त्यांना हे बाहेरून कळलं तर वाईट होईल. आणि दुसरं, मी इथली मागची खोली रिकामी करते आहे. खिडकी पूर्वेला आहे, आई आहे, मी आहे. महिनाअखेर येऊन तुम्हाला घेऊन जाते. यावर वाद नको.

आत्तापर्यंतचा तक्ता पंधरा तारखेला खात्यात पोचायला हवा. त्याआधी तुमचं उत्तर येऊ दे. मी वाट पाहते आहे.

फूटपट्टी

१९ एप्रिल

चि. फूटपट्टी,

अक्षर पाहून दचकू नकोस. हे पेंटरबाईंचं आहे. मी सांगतो आणि त्या लिहितात. (लिहिते आहे, पण मधे मधे कंसात माझंही घालीन, असं ठरवूनच पेन हातात घेतलंय. पेंटरबाई.)

तुझं पत्र आलं त्या दिवशी भिंगानेही काम भागेना. डोळ्यांच्या मधोमध एक धूसर डाग आहे. कडेने दिसतं, समोर बघायला गेलो की तिथलंच पुसतं. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं तर तोंड नसतं, नुसते कान. तुझा कोरा कागदही मी कडेने पाहिला. पांढरा दिसला. म्हटलं, फूटपट्टीच्या रेघा बारीकच असणार. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, हे थांबेल, पण गेलेली नजर परत येणार नाही.

तर पत्र घेऊन मी पेंटरबाईंच्या दुकानात गेलो. म्हटलं, चष्मा फुटलाय, जरा वाचून दाखवा. (चष्मा नाकावर होता.) त्या स्टुलावर बसून एका पाटीला पिवळा रंग देत होत्या. ब्रश खाली ठेवला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. कोऱ्या कागदाचं वाचलं, ओळींचं वाचलं, तेव्हाच माझी पाचावर धारण बसली. पण आता थांबा म्हणायचं तरी कसं? मग "मामा, तुम्हाला दिसत नाही ना?" हे वाचलं आणि त्यांनी कागद खाली घेतला.

मी म्हटलं, "पुढे वाचा."

त्यांनी वाचलं, "पेंटरबाईंना आजच्या आज सांगा."

मी म्हटलं, "पेंटरबाई, तुम्हाला एक सांगायचं होतं."

(मी हसले नाही. मला फार राग आला होता. त्यांचे दीडशे मासे धरून आमची बेरीज होत होती. मी ब्रश धुतला, परत धुतला, आणि विचारलं, "मग इतके दिवस बसून मोजत काय होता?")

टप्प. टप्प मोजत होतो. खिडकीत पाणी उथळ आहे, जेमतेम वीतभर. मासा पत्र्यावर चढला की शेपटीचा जोर लावतो. शेपूट पत्र्याला लागते आणि एक बारीक आवाज येतो. मशीनचा स्क्रू ढिला झाला की असाच येतो, दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मी मशीन उघडायच्या आधी कानाने दुरुस्त केलंय. पण आमच्या नियमात लिहिलंय 'डोळ्यांनी पाहिलेला मासा', म्हणून बोललो नाही. आणि खरं कारण वेगळं आहे. सांगितलं असतं तर मला सामानासारखं उचलून कुठल्यातरी पूर्वेच्या खोलीत नेऊन ठेवलं असतं.

मास्तर भडकले. म्हणाले, सगळा तक्ता बाटवलात. गटात दोन तट पडले. शेवटी पेंटरबाई म्हणाल्या, भांडता कशाला, जाळं लावू. खिडकीच्या वरच्या अंगाला सैल जाळं बांधलं. सगळे काठावर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसले, मास्तरसुद्धा, तोंडावर रुमाल दाबून. अर्ध्या तासाने मी म्हटलं, तेवीस. जाळं उचललं. (सव्वीस. मी स्वतः एकेक मोजून वर सोडले. म्हणजे तुमचे मामा वाढवून सांगत नव्हते, कमीच सांगत होते. दोन जोडीने गेले की त्यांना एकच टप्प ऐकू येतं.)

मग दिवसा का येत नाहीत? दुसऱ्या दिवशी पेंटरबाई पाण्यात उतरल्या आणि खिडकीच्या खालच्या बाजूला कंबरभर पाण्यात उभ्या राहिल्या. (मासे होते. डझनावारी. खिडकीशी येत, उन्हात पांढरा पत्रा बघत आणि माघारी फिरत. आम्हाला दिसावेत म्हणून टाकलेला पत्रा, तोच त्यांना भिंत झाला होता. संध्याकाळी पत्र्याची चमक गेली की मग जायचे. दोन हंगाम! आणि त्याला तीन हात मीच दिलेत.) रात्र पडायच्या आत त्यांनी तो पत्रा बाहेर काढून चिखलाच्या रंगात रंगवून टाकला. आता मासे दिवसाही जातात, पण काठावरून कोणाला दिसत नाहीत. काय गंमत आहे बघ.

तर माझे आकडे तक्त्यात राहू देत. खाली जाळ्याचा पुरावा लिही. खोलीबद्दल आभार. मी येणार नाही.

तुझा मामा

(त्यांचं म्हणणं संपलं, आता माझं. मोजणीच्या संध्याकाळी मी त्यांना नदीपर्यंत सोडते. ते धरू देत नाहीत, म्हणून चार पावलं मागून चालते. त्यांना ते माहीत आहे. पेंटरबाई)

२६ एप्रिल

प्रिय मामा, आणि वाचून दाखवणाऱ्या पेंटरबाई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय.

मी तुमची वाट पाहिली नाही. चौदा तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, आणि मला वाटलं, उत्तर नाही हेच उत्तर. तुमच्या सगळ्या पाळ्या मी तक्त्यातून काढून टाकल्या. एकूण दोनशे एकतीसमधून तुमचे एकशे त्रेसष्ट गेले आणि उरले अडुसष्ट. खाली सही केली आणि पाठवून दिला. मला त्या दिवशी फार प्रामाणिक वाटत होतं.

तुमचं पत्र आलं त्याच टपालात खात्याचंही आलं. अडुसष्ट ही संख्या समाधानकारक नसल्याने अकरा मे रोजी खिडकी बुजवण्याचं काम हाती घेण्यात येईल. मामा, ती खिडकी मी बुजवली. एवढं मोठ्याने वाचा, पेंटरबाई.

मी रजा टाकली आणि खात्याच्या ऑफिसात जाऊन बसले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते पण मीटिंगमध्ये. बाहेरचा बाक असा की एक पाय हलतो. मी दोन दिवस त्यावर डुगडुगत बसले आणि तुमच्या टेबलाच्या खोट्या पायाची आठवण काढली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आत बोलावलं. साहेब पन्नाशीचे, थकलेले, टेबलावर नद्यांच्या फायलींचा ढीग. सगळं ऐकून घेतलं. मग छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"बाई, हे वाचा. 'पाहिलेले मासे.' आता ऐकलेले मासे मी कुठल्या रकान्यात भरू?"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मागे भिंतीवर या नदीचा नकाशा आहे. तो मी काढलाय."

"बरं मग?"

"त्यात तुमचा बंधारा आहे, वरचे सात ओढे आहेत. त्यातलं एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कोणीतरी माणूस तिथे उभा राहिला, त्याने मापं घेतली, मला कळवली, मी रेघ ओढली. तुम्ही त्यावर शिक्का मारलात. मी नकाशे काढते ते दुसऱ्याच्या शब्दावर. मामांचा शब्द तेवढा मी घेतला नाही."

त्यांनी मान वळवून नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जुने आकडे मी घेऊ शकत नाही. नियम तो नियम. पण पाच मेला संध्याकाळी मी स्वतः येतो. तुम्ही जाळं लावा. एक पाळी बघतो. त्यावर काय ते ठरवू." मी उठले तेव्हा म्हणाले, "खरंच टप्प असा आवाज येतो?"

मीही पाचला येते. शेवटच्या बसने लगेच परत निघावं लागेल, रजा संपली आहे. मागच्या खोलीत मी परत माझे जुने नकाशे ठेवले. तुम्हाला न विचारता तुमची जागा ठरवायची सवय मला एकदाच लागली आणि एकदाच पुरे.

माझ्यावर रागावला असाल तर पाच तारखेला माझ्याशी बोलू नका. मी तरीही शेजारी बसेन.

फूटपट्टी

१९ मे

चि. फूटपट्टीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. पेंटरबाईंनी पुठ्ठ्याला ओळीएवढ्या लांब फटी पाडून दिल्यात, त्या फटीत लिहायचं. ओळ घसरली तर दोष पुठ्ठ्याचा.

तू बस पकडायला धावलीस त्यानंतरचं सांगतो. जाळ्यात पंधरा निघाले. आमची चांगली संध्याकाळ नव्हती, काठावर माणसं फार आणि चपला फार. साहेबांनी माझी चिठ्ठी मागितली. चौदा. त्यांनी ती खिशात ठेवली आणि आम्हाला वाटलं, आता गाडीत बसून जाणार. पण त्यांनी बूट काढले आणि जाळं सोडायला सांगितलं. माझ्या शेजारी दगडावर बसून म्हणाले, "मला ऐकायचंय." मी म्हटलं, डोळे मिटा आणि बोलू नका. पंधरा मिनिटं त्यांना काही ऐकू आलं नाही. पाय हलवत होते, घड्याळ बघत होते, मला नुसता अस्तनीचा आवाज येत होता. मग एकदम त्यांनी माझं मनगट धरलं. मला कळलं की त्यांना एक मिळाला.

काल पत्र आलं. तीनशे झाले असं त्यांनी लिहिलेलं नाही, आणि खिडकी कायमचीही नाही. लिहिलंय ते इतकंच, की पत्र्यामुळे दोन्ही हंगामांची मोजणी सदोष ठरते, म्हणून आणखी एक हंगाम खिडकी उघडी राहील आणि जाळ्याने किंवा 'अनुभवी श्रवणाने' मोजणी चालेल. अनुभवी श्रवण म्हणजे मी. मास्तरांनी ते तीनदा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा खोकले. काँक्रीटची गाडी अकराला येणार होती ती आलीच नाही. तरी अकराला पहाटेपासून मी आणि पेंटरबाई बंधाऱ्यावर उभे होतो. भरवसा कोणाचा धरायचा?

एक हंगाम म्हणजे काही फार नाही. मला आत्तापासूनच बसवत नाही.

आता तुझं. तू माझे आकडे काढलेस याचा मला राग आला होता. फार आला होता. पण मी दीड वर्ष तुला टेबलाच्या पायाच्या गोष्टी सांगत होतो. आंधळ्याने सांगायचं नाही आणि फूटपट्टीने ओळखायचं, हा कुठला न्याय? तुझं माझं फिटलं.

त्या संध्याकाळी तूही एक चिठ्ठी लिहिली होतीस, ती माझ्या कोटाच्या खिशात राहिली. पेंटरबाईंनी वाचून दाखवली. नऊ. पहिल्या पाळीला नऊ वाईट नाही. पाच तुझे हुकले कारण तू बोलत होतीस. आधी साहेबांशी, मग नर्सबाईंशी, मग माझ्या कानात, की आत्ताचा होता का. लहानपणीही तू अशीच मासे पळवायचीस.

पंधरावा मात्र माझाही हुकला. त्याचं कारण मी साहेबांना सांगितलं नाही. जाळं उचलायच्या जरा आधी तू तोंड दुसरीकडे वळवून रडत होतीस, अगदी आवाज न करता, मला दिसणार नाही म्हणून. दिसलं नाहीच. पण मी तेच ऐकत बसलो आणि तो एक निघून गेला.

पुढच्या हंगामात साडेसहाच्या पाळीला तुझी जागा धरून ठेवतो. गप्प बसायची तयारी करून ये.

तुझा मामा